मुक्त क्षेत्राची निवड : काही ऐतिहासिक विचार

नवा उद्योग काढू पाहणाऱ्या माणसाला पूर्वी दोन विवंचना असत. भांडवल कोठून उभे करावयाचे ही पहिली, आणि तयार झालेला माल कोणाला विकावयाचा ही दुसरी. अलीकडे त्यांत तिसरीची भर पडली आहे. उद्योगाचे बिऱ्हाड कोठे थाटावयाचे? आपल्या गावात, की एखाद्या विशेष आर्थिक क्षेत्रात? देशात, की दुबईसारख्या परक्या बंदरातील मुक्त क्षेत्रात? पुण्याचा, इंदूरचा किंवा बडोद्याचा एखादा पदवीधर दोन मित्रांना बरोबर घेऊन कंपनी काढण्याचे मनात आणतो, तेव्हा अशा क्षेत्रांची माहितीपत्रके त्याच्यापुढे येऊन पडतात. प्रत्येकात करसवलत ठळक अक्षरांत छापलेली असते, प्रत्येकात परवाना थोड्याच दिवसांत हाती पडेल असे आश्वासन असते, आणि प्रत्येकातील चित्रांत उंच इमारतींच्या काचांवर सारखेच ऊन चमकत असते. निवड करावयाची ती कशाच्या आधाराने?

या प्रश्नाचे उत्तर देणारे व्यवसायी सल्लागार पुष्कळ आहेत. त्यांच्या कामात हात घालण्याचा माझा विचार नाही. परंतु हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. करमाफीचे आमंत्रण देऊन व्यापाऱ्याला बोलावणारी राज्ये, आणि ते आमंत्रण घ्यावे की न घ्यावे याचा विचार करीत बसलेले व्यापारी, दोन हजार वर्षांपूर्वीही होते. त्यांतले काही भरभराटीस आले, काही बुडाले. कोण कशाने तरले आणि कोण कशाने बुडाले हे पाहिले, तर आजच्या निवडीलाही त्याचा उपयोग होईल.

मुक्त क्षेत्र ही मुळात कायद्याने मान्य केलेली एक कल्पना आहे. जमीन देशाची, पोलीस देशाचे, वीज आणि पाणी देशाचे. पण जकातीपुरते ते कुंपण देशाबाहेर आहे असे मानावयाचे. आपल्याकडील २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने नेमके हेच केले आहे. अशा क्षेत्रातील अधिकृत व्यवहारांपुरती ती जागा भारताच्या सीमाशुल्क प्रदेशाबाहेर आहे असे समजावे, असे तो कायदा सांगतो. त्यामुळे परदेशातून कच्चा माल आत आणताना सीमाशुल्क पडत नाही आणि पक्का माल बाहेर पाठविताना भरलेले शुल्क परत मिळविण्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. या कल्पनेची दुसरी बाजू मात्र माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. तोच माल कुंपणाच्या फाटकातून शेजारच्या गावात विकावयास नेला, तर तो परदेशातून आल्याप्रमाणे त्यावर सीमाशुल्क भरावे लागते. ज्याचे गिऱ्हाईक गावातच आहे त्याने कुंपणाआड जाऊन बसणे म्हणजे आपल्याच दारात आपणच जकातनाका उभारणे होय.

आपल्या इतिहासाला हा प्रकार अपरिचित नाही. मराठेशाहीत नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारातून कौल दिला जाई. उदमी लोकांनी यावे, घरे बांधावी, दुकाने घालावी. ठराविक मुदतीपर्यंत त्यांना करांची माफी राहील, असा त्या कौलाचा आशय असे. पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे सोपविली जाई. 'कौल' या शब्दात सवलत आहे त्याहून अधिक अभय आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. दिलेला शब्द सरकार पाळील असा भरवसा असल्यावाचून कोणी आपला कुटुंबकबिला उचलून नव्या पेठेत येत नसे. आणि जकातीची भिंत सर्वत्र पाडावी असेही त्या काळच्या राज्यकर्त्यांना वाटत नव्हते. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेल्या पत्रात बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा आहे. कारण पोर्तुगीज मुलखातील ते मीठ स्वस्त पडले, तर व्यापारी तिकडेच वळतील आणि स्वराज्यातील मिठाचा विक्रय बसेल. भिंत बांधण्यालाही हेतू असतो आणि तीत दार ठेवण्यालाही हेतू असतो. दारातून आत जाणाऱ्याने तो हेतू ओळखला पाहिजे. कारण हेतू संपला की दार बंद होते.

याचे सर्वांत जुने उदाहरण ग्रीसच्या समुद्रातील डेलॉस बेटाचे. इ. स. पू. १६६ च्या सुमारास रोमने हे चिमुकले बेट अथेन्सच्या ताब्यात दिले आणि तेथील बंदर जकातमुक्त ठेवावे अशी अट घातली. रोमला व्यापाऱ्यांचा फार कळवळा होता असे नव्हे. ऱ्होड्स हे त्या समुद्रातील धनाढ्य बंदर रोमच्या मर्जीतून उतरले होते आणि त्याचे उत्पन्न तोडावयाचे होते. तसे ते तुटलेही. ऱ्होड्सचे बंदराचे उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आले, असे इतिहासकार पॉलिबियसने नमूद केले आहे. व्यापारी डेलॉसला लोटले. इटलीचे, सीरियाचे, ईजिप्तचे सावकार आणि दलाल तेथे येऊन राहिले, आणि गुलामांच्या क्रयविक्रयाचा तो एक मोठा बाजार बनला. परंतु बेटाजवळ स्वतःचे असे काहीच नव्हते. पिण्याचे पाणी बेताचे, शेती जवळजवळ नाही, संरक्षणाला स्वतःचे आरमार नाही. इ. स. पू. ८८ मध्ये रोमचा शत्रू मिथ्रिडेटिस याच्या सैन्याने बेट लुटले आणि हजारो माणसे कापली. इ. स. पू. ६९ मध्ये चाच्यांनी उरलेसुरले नेले. त्यानंतर डेलॉस पुन्हा उभे राहिले नाही. ज्या बंदराची भरभराट दुसऱ्याच्या राजकारणावर उभी आहे, त्याची जकातमाफी त्या राजकारणापेक्षा जास्त टिकत नाही.

याच्या जोडीला इटलीतील लिव्होर्नो ठेवून पाहावे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक पहिला फर्दिनांद याच्या हाती एक दलदलीची, हिवतापाने ग्रासलेली किनारपट्टी होती. पिसा शहराचे जुने बंदर गाळाने भरून निरुपयोगी झाले होते. नवे बंदर बांधणे पैशाने शक्य होते. पण तेथे व्यापारी आणावयाचे कोठून? फर्दिनांदने १५९१ आणि १५९३ मध्ये ज्या सनदा काढल्या त्यांत कोणत्याही राष्ट्राच्या व्यापाऱ्याला येण्याचे आमंत्रण होते. आलेल्याला आपल्या धर्माप्रमाणे राहता येईल, धर्मन्यायालयाचा ससेमिरा त्याच्यामागे लागणार नाही, परमुलखातील जुन्या कर्जासाठी त्याला येथे पकडले जाणार नाही, अशी वचने त्यांत दिलेली होती. स्पेन आणि पोर्तुगालमधून हाकललेल्या ज्यूंना या वचनांचे मोल करमाफीहून कितीतरी अधिक होते. आणखी एक गोष्ट सरकारी नोकराच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ही अभयपत्रे पंचवीस वर्षांच्या मुदतीची होती, आणि ती रद्द करावयाची झाल्यास पाच वर्षे आधी सूचना द्यावी लागेल असा बोल त्यांतच घातलेला होता. म्हणजे उद्या राजाचे मन फिरले तरी व्यापाऱ्याला आपली येणी वसूल करून, वखार रिकामी करून निघून जाण्यास पुरेसा अवधी मिळणार होता. लिव्होर्नोला पूर्ण अर्थाने मुक्त बंदर १६७६ मध्ये करण्यात आले. पण त्याचा पाया या सनदांनी आधीच घातला होता. इटलीचे एकीकरण झाल्यावर १८६८ मध्ये ते मुक्तपण संपले. एका दलदलीतल्या गावाला पावणेतीनशे वर्षे पुरली अशी ती कायद्याची पुंजी होती.

आता आपल्याला जवळच्या समुद्राकडे येऊ. दुबईची भरभराट खनिज तेलामुळे झाली असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तेथे तेल सापडले ते १९६६ मध्ये. आणि दुबई हे व्यापारी बंदर त्याच्या साठ वर्षे आधी बनू लागले होते. समोरच्या इराणी किनाऱ्यावर लिंगे नावाचे भरभराटीचे बंदर होते. मोती, धान्य आणि कापड यांचा मोठा व्यापार तेथे चाले आणि अरब, इराणी व हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथे होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या सरकारने आपली जकातव्यवस्था बेल्जियन अधिकाऱ्यांच्या हाती दिली आणि तिची वसुली या बंदरांवर कडकपणे सुरू झाली. लिंगेचे व्यापारी अस्वस्थ झाले. दुबईचा तत्कालीन शेख मक्तूम बिन हशर याने ही संधी हेरली. त्याने परदेशी व्यापाऱ्यांना जकात माफ केली, राहावयास जागा दिली आणि संरक्षणाची हमी दिली. त्याच सुमारास मुंबईहून येणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी दुबईला नियमितपणे थांबू लागल्या. इराणातील बस्तक भागातून आलेल्या मंडळींनी खाडीकाठी जी वस्ती केली तिला बस्तकिया हे नाव पडले. प्रारंभी त्यांना वाटत होते की हा तात्पुरता मुक्काम आहे. इराणची जकात कमी झाली की परत जाऊ. ती कमी झाली नाही, आणि व्यापारी परत गेले नाहीत.

या हकिकतीत मुंबईचा धागा बराच लांब आहे. आखातातील मोती विक्रीला येत ते मुंबईच्या बाजारात. त्या किनाऱ्यावरचे चलन आपला रुपया होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या प्रदेशासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर तो तेथून नाहीसा झाला. मोत्यांच्या धंद्यावर १९३० च्या सुमारास जागतिक मंदीचा आणि जपानच्या कृत्रिम रीतीने वाढविलेल्या मोत्यांचा घाला पडला, तेव्हा दुबईचे अतोनात हाल झाले. जकातमाफी तशीच होती, पण विकावयाला माल नव्हता. नुसत्या माफीवर बंदर जगत नाही, हा धडा तेथील राज्यकर्त्यांनी घेतला असावा असे पुढील घटनांवरून दिसते. शेख रशीद यांनी १९५८ नंतर कर्ज काढून खाडीचा गाळ उपसला, जेणेकरून मोठी गलबते आत यावीत. १९७२ मध्ये त्यांच्याच नावाचे बंदर सुरू झाले, १९७९ मध्ये शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर वाळवंटात जेबेल अली बंदर बांधून झाले, आणि १९८५ मध्ये त्या बंदराला लागून मुक्त क्षेत्र स्थापन झाले. पहिल्या वर्षी तेथे अवघ्या १९ कंपन्या होत्या. पुढे त्या हजारोंनी मोजाव्या लागल्या.

जेबेल अलीचे खरे आकर्षण कोणते होते? कर तर त्या देशात बाहेरच्या कंपन्यांनाही बहुधा नव्हताच. १९८४ च्या तेथील कंपनी कायद्याप्रमाणे क्षेत्राबाहेर कंपनी काढावयाची तर ५१ टक्के भाग स्थानिक नागरिकाच्या नावे असणे आवश्यक होते. मुक्त क्षेत्रात संपूर्ण मालकी परदेशी माणसाला ठेवता येत होती. म्हणजे व्यापारी तेथे गेला तो मुख्यतः आपली कंपनी आपलीच राहावी म्हणून. पुढे एकेका धंद्यासाठी वेगळी क्षेत्रे निघाली: २००० मध्ये संगणक व्यवसायासाठी, २००२ मध्ये सोने, हिरे व अन्य जिनसांसाठी, २००४ मध्ये वित्तव्यवहारासाठी. या शेवटच्या क्षेत्राला इंग्रजी धर्तीच्या कायद्याने चालणारी स्वतंत्र न्यायालये देण्यात आली. लिव्होर्नोच्या सनदांतील विचार येथे चार शतकांनी नव्या वेषात आलेला दिसतो.

पण काळ येथेही थांबलेला नाही. २०२१ पासून क्षेत्राबाहेरील बहुतेक धंद्यांतही संपूर्ण परकीय मालकीस परवानगी मिळाली. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांसाठी त्या देशाने कंपन्यांच्या ३,७५,००० दिरहमांवरील नफ्यावर ९ टक्के कर बसविला. मुक्त क्षेत्रातील कंपनीला शून्य दर मिळतो, पण तो नियमांत बसणाऱ्या ठराविक उत्पन्नापुरता, आणि प्रत्यक्ष कामकाज तेथे चालत असेल तरच. ज्या दोन कारणांसाठी मागची पिढी तेथे गेली त्यांतले एक बरेचसे संपले आणि दुसऱ्याला अटी लागल्या. जुन्या माहितीपत्रकावर विसंबून आज निवड करणारा माणूस, जो कौल राहिलेला नाही त्याच्यावर घर बांधीत असतो.

आपल्या देशाने या मार्गावर पाऊल टाकले ते जेबेल अलीच्या वीस वर्षे आधी. फाळणीत कराची गेल्यावर पश्चिम आणि उत्तर भारताला नवे बंदर हवे होते. कच्छच्या आखातात कांडला येथे ते बांधण्याचे ठरले. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि १९५५ मध्ये कांडला हे मोठे बंदर म्हणून घोषित झाले. जवळच सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी गांधीधाम वसत होते. त्या माणसांना रोजगार, कच्छला उद्योग आणि देशाला परकीय चलन मिळावे म्हणून १९६५ मध्ये कांडला मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले. आशियातील निर्यातीसाठीचे हे पहिले क्षेत्र. दुसऱ्याच वर्षी, डिसेंबर १९६६ मध्ये, तैवानने काओश्युंग बंदरात असेच क्षेत्र उघडले. काही वर्षांतच काओश्युंगचे कारखाने माणसांनी भरून गेले. कांडल्यातील गाळे मात्र फार हळूहळू भरत होते.

हा फरक का पडला, याचा विचार प्रत्येक नव्या उद्योजकाने करण्यासारखा आहे. करसवलती दोन्हीकडे होत्या. काओश्युंगचे क्षेत्र एका मोठ्या औद्योगिक शहराच्या बंदरातच, गाळ टाकून तयार केलेल्या जमिनीवर होते. कामगार सायकलवरून येऊ शकत. कांडला हे मोठ्या बाजारपेठांपासून आणि कुशल कामगारांपासून दूर, खाऱ्या वाऱ्याच्या प्रदेशात. काओश्युंगमध्ये परवाना, जकात आणि परकीय चलन यांचा निकाल क्षेत्रातील एकाच प्रशासनाकडे लागे. आपल्याकडे क्षेत्राच्या अधिकाऱ्याजवळ सवलतींची यादी होती, पण निर्णयाचा अधिकार थोडा. एकेका संमतीसाठी निरनिराळ्या खात्यांकडे जावे लागे. मी स्वतः शासकीय सेवेत असल्यामुळे हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, उलट ते लिहिणे कर्तव्यच वाटते: व्यापाऱ्याच्या हिशेबात वाया गेलेला दिवस हाही एक करच असतो, आणि त्या करातून त्याला कोणतेच क्षेत्र आपोआप माफी देत नाही. पुढे कांडल्याच्या निर्यातीचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे जाऊ लागला. तो रुपयाच्या व्यवहारातील निश्चिंत बाजार होता. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला, तेव्हा एकाच गिऱ्हाइकावर उभ्या असलेल्या अनेक कारखान्यांच्या पायाखालची वाळू सरकली. कुंपण जागच्या जागी होते. बाजार गेला होता.

मुंबईचे सांताक्रूझ क्षेत्र १९७३ मध्ये निघाले. नाव सांताक्रूझचे, जागा अंधेरीची. क्षेत्रफळ अवघे शंभर एकरांच्या आसपास. परंतु विमानतळ हाकेच्या अंतरावर होता, आणि क्षेत्र ज्या मालासाठी काढले तो इलेक्ट्रॉनिक माल वजनाने हलका व किमतीने भारी, म्हणजे विमानाने जाणारा होता. शहरात अभियंते होते, तंत्रज्ञ होते, इंग्रजीत पत्रव्यवहार करणारे कारकून होते. संगणकाच्या आज्ञावली लिहून परदेशी पाठविण्याचा व्यवसाय ज्या काळी देशात नुकता अंकुरत होता, त्या काळी त्याच्या काही आरंभीच्या पेढ्या येथे थाटल्या गेल्या. पुढे जवाहिराच्या कारखान्यांना तेथे मुभा मिळाली, तेव्हा मुंबईच्या हिरेबाजाराची आणि कारागिरांची पिढीजात विद्या त्यांच्या पाठीशी होती. जागा लहान, भाडे जास्त, गर्दी अफाट. तरीही क्षेत्र भरले. मालाचे स्वरूप, माणसांचे कसब आणि वाहतुकीचे साधन यांचा मेळ बसला की राहिलेल्या अडचणी माणूस सोसतो.

कौल मागे घेतला जाण्याचा अनुभवही आपल्याला आहे. २००० मध्ये आपण चीनच्या धर्तीवर विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरण स्वीकारले आणि जुनी क्षेत्रे त्यात आणली. २००५ च्या कायद्याने, जो फेब्रुवारी २००६ मध्ये अमलात आला, उद्योगघटकाला निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण आणि पुढे अंशतः अशी पंधरा वर्षांच्या टप्प्यांची आयकरसवलत दिली. त्या हिशेबावर कारखाने निघाले. २०११ मध्ये किमान पर्यायी कर या क्षेत्रांनाही लागू झाला. २०२० नंतर काम सुरू करणाऱ्या नव्या घटकांना ती आयकरसवलत राहिली नाही. सरकारच्या बाजूने याला कारणे होती. तिजोरीचे उत्पन्न बुडते आणि जुने उद्योग केवळ सवलतीसाठी कुंपणात सरकतात, ही तक्रार खोटी नव्हती. पण ज्याने पंधरा वर्षांचा आडाखा बांधून कर्ज काढले, त्याला पाच वर्षांच्या सूचनेची लिव्होर्नोची अट आठवली असती तर त्यात नवल नव्हते.

याच काळाने आणखी एक प्रश्न पुढे आणला. कुंपण ज्या जमिनीवर पडते ती कोणाची? हॅम्बुर्गने १८८८ मध्ये आपले मुक्त बंदर सजविले तेव्हा गोदामांच्या भव्य ओळींसाठी सुमारे वीस हजार रहिवाशांना घरे सोडावी लागली होती. ते मुक्त बंदर २०१३ च्या आरंभी बंद झाले. गोदामे पाहावयास प्रवासी येतात. आपल्याकडे सप्टेंबर २००८ मध्ये रायगड जिल्ह्यातील बावीस गावांच्या शेतकऱ्यांनी प्रस्तावित क्षेत्रासंबंधी जनमत चाचणीत मतदान केले. हेटवणे धरणाच्या पाण्याची आशा असलेली ती भातशेती होती. त्या क्षेत्रासाठीचे भूसंपादन तडीस गेले नाही. गोव्यात लोकांनी एवढा विरोध केला की २००७ च्या अखेरीस राज्य सरकारने तेथील विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. गोव्यात ज्या कंपन्यांनी भूखंड घेतले होते, त्यांच्या हाती पुढे अनेक वर्षे कज्जे राहिले. म्हणून जमिनीचा पूर्वेतिहास विचारणे हे नुसते सौजन्य नाही. तो व्यवहाराचाच भाग आहे. शेजाऱ्यांच्या रोषावर उभी राहिलेली भिंत नव्या उद्योगाला आसरा देत नाही.

कामाच्या निमित्ताने मला पुष्कळ तरुण उद्योजक भेटतात. त्यांच्या वहीत बहुधा एक तक्ता असतो. एका बाजूला क्षेत्रांची नावे, दुसऱ्या बाजूला कराचे दर. हा तक्ता चुकीचा नसतो, अपुरा असतो. नव्या कंपनीला पहिली दोन-तीन वर्षे बहुधा नफाच होत नाही. ज्या नफ्यावर कर माफ आहे तो नफा मुळात नसेल, तर त्या माफीचे मोल शून्य. याउलट परवान्याचे वार्षिक शुल्क, जागेचे भाडे, माणसांच्या प्रवेशपत्रांचा खर्च आणि हिशेबतपासनीसाची बिदागी ही पहिल्या महिन्यापासून द्यावी लागते. परदेशात कागदोपत्री कंपनी निघते आणि बँकेत खाते उघडण्यासाठी महिनोन् महिने तिष्ठत बसावे लागते, असेही घडते.

म्हणून तक्त्यातले रकाने इतिहासाच्या क्रमाने मांडावेत असे मी सुचवीन. गिऱ्हाईक कुंपणाच्या आत आहे की बाहेर, हे सर्वांत आधी. त्यानंतर माल कोणता आणि तो कोणत्या वाटेने जाणार: आगबोटीने, विमानाने की तारेवरून. तारेवरून जाणाऱ्या कामाला बंदराचा शेजार लागत नाही, आणि आगबोटीने जाणाऱ्या मालाला काचेच्या इमारतीचा उपयोग नाही. मग कसबी माणसे जवळ मिळतात का, आणि परवान्याचा निकाल जागच्या जागी लागतो का. पुढे सवलत देणारे सरकार ती कशासाठी देत आहे, किती मुदतीची देत आहे, ती मोडल्यास दाद कोठे मागावयाची, आणि निघून जावयाचे झाल्यास कंपनी मिटविण्यास काय पडते. जमीन कोणाची होती हेही त्यातच आले. कराचा दर या सर्वांनंतर पाहावा. तो महत्त्वाचा नाही असे नाही. दोन जागा बाकी सर्व बाबतींत सारख्या उतरल्या तर त्यानेच निर्णय करावा.

लिंगेहून दुबईला गेलेल्या व्यापाऱ्यांनी असा तक्ता कागदावर मांडला नसेल. पण त्यांनी आगबोटीची वाट, मुंबईचा बाजार, शेखचा शब्द आणि खाडीचे पाणी ही चारही पाहिली होती, एवढे त्यांच्या वर्तनावरून उघड दिसते. जकातमाफी त्यांना तेथे घेऊन गेली. तेथे ठेवले ते बाकीच्या गोष्टींनी. आज ज्याला आपली अल्पशी पुंजी आणि आयुष्यातील उमेदीची वर्षे एका जागी गुंतवावयाची आहेत, त्याने त्यांच्याइतकी तरी चौकशी करावी. माहितीपत्रकातील शून्य पाहण्याआधी त्या शून्याच्या मागे कोण उभा आहे, ते त्याने पाहावे.